दिनविशेष : १८ ऑक्टोबर २०१४
नेरूळच्या मैदानात पाच गोल

महाड-पोलादपूरहून मुंबईला निघालेली एसटी पनवेल सोडून पुढे आली की नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम दिसते. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात मुंबई सिटीने घरच्या मैदानावरचा पहिला सामना इथेच, या दिवशी खेळला आणि पुण्याचा ५-० असा फडशा पाडला. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने तीन गोल मारले. लीगमधली ही पहिली हॅटट्रिक.

पण त्या संघातले सर्वात मोठे नाव होते स्वीडनचा फ्रेडी युंगबर्ग. २००३-०४ मध्ये इंग्लंडची लीग एकही सामना न हरता जिंकणाऱ्या आर्सेनलचा हा खेळाडू. २०१२ मध्ये निवृत्त झालेला हा गडी मुंबईसाठी पुन्हा बूट बांधून उतरला, पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. साखळीतल्या १४ पैकी अवघे चार सामने, गोल एकही नाही. पुण्याकडून खेळलेल्या फ्रान्सच्या डेव्हिड ट्रेझेगेच्या वाट्याला नऊ सामने आले. तरी अशा खेळाडूंचे मोल आकड्यांत मोजू नये. आर्सेनलचा माणूस आपल्या वाटेवरच्या मैदानात उतरला, याचे अप्रूप मोठे होते. मुंबई त्या वर्षी सातव्या क्रमांकावर राहिली.