पेशी अर्धी, पाया अर्धा

मूलपेशींचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा 1961 सालच्या टोरांटोपासून होते. जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी किरणोत्साराने मज्जा निकामी केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, तेव्हा त्यांच्या प्लीहेवर गाठी उमटल्या. एका पेशीतून नाना तऱ्हेच्या रक्तपेशी निपजू शकतात, हे त्या गाठींवरून सिद्ध होत गेले. पण रक्त प्रवाही असते; त्वचेला आणि हाडाला आकारही धरावा लागतो. त्यामुळे ऊती पुन्हा घडवण्याच्या इतिहासात पेशीइतकाच तिच्या पायाचा वाटा आहे, आणि तो प्रामुख्याने अभियंत्यांनी उचलला.

बॉस्टनमध्ये भाजलेल्यांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक जॉन बर्क आणि एमआयटीतले पॉलिमरचे अभ्यासक आयोनिस यान्नास 1969पासून एकत्र काम करू लागले. गाईच्या कातड्यातले कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतले कॉन्ड्रॉइटिन सल्फेट यांचा सच्छिद्र थर त्यांनी बनवला व त्यावर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा चढवला. जखम लवकर भरेल, ही अपेक्षा फोल ठरली; उलट तिच्या कडा आक्रसायला उशीर लागू लागला. मात्र त्या आक्रसण्यातूनच व्रण धरतो. ते लांबले आणि थराच्या छिद्रांत रुग्णाच्याच पेशी शिरून आंतरत्वचेसारखी ऊती तयार झाली. थर हळूहळू विरघळे. मग सिलिकॉन काढून वर रुग्णाच्याच त्वचेचे अगदी पातळ कलम लावत. पहिल्या 10 रुग्णांचा अहवाल 1981मध्ये आला आणि 1996मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उत्पादनाला मान्यता दिली. केस आणि घर्मग्रंथी या त्वचेत उगवत नाहीत, ही तिची मर्यादा. पण बाहेरून एकही पेशी न घालता इथवर मजल गेली होती.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी 1975मध्ये मानवी बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. 1983मध्ये 95 टक्क्यांहून अधिक भाजलेली दोन भावंडे अशाच वाढवलेल्या त्वचेमुळे वाचली. पुढे जर्मनीतील बोखुम येथे एका सात वर्षांच्या मुलाची सुमारे 80 टक्के बाह्यत्वचा जनुक दुरुस्त केलेल्या पेशींतून नव्याने उभी राहिली. 2017च्या अहवालानुसार ती टिकवून धरणाऱ्या दीर्घायुषी मूलपेशी मोजक्याच होत्या. मग श्रेय पेशीचेच नव्हे का? पेशीवाचून हे घडले नसते, हे खरेच. पण आंतरत्वचा उरलेली नसेल, तर वाढवलेला पापुद्रा नाजूक राहतो आणि त्यावर फोड येतात. म्हणूनच 1980च्या दशकात काही शल्यचिकित्सक आधी मृत दात्याच्या आंतरत्वचेचा थर बसवून मग त्यावर पापुद्रा लावू लागले. मांडव नसलेला वेल जगतो, पण जमिनीवरच पसरतो.

हा पाया नुसता आधारही नसतो. 2006मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांनी एकाच प्रकारच्या मूलपेशी वेगवेगळ्या ताठरपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींचे गुण दाखवू लागल्या, स्नायूइतक्या ताठर जेलवर स्नायूपेशींचे आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींचे. उलट, पाया म्हणजे सर्वस्व नव्हे, हे स्टॉकहोमने पाहिले. तिथे 2011पासून पाओलो माक्कियारिनी यांनी प्लॅस्टिकच्या श्वासनलिकांवर मूलपेशी पेरून त्या तीन रुग्णांना बसवल्या. तिघेही कालांतराने दगावले.

म्हणूनच गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सर्व दुखण्यांवर मूलपेशींचे एकच इंजेक्शन सुचवणाऱ्या जाहिरातींकडे संशयाने पाहावे. पेशी कुठे रुजणार आणि कशाच्या आधाराने, हे आधी विचारावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांसारख्या मान्य कारणांसाठीचे मज्जारोपण वगळता मूलपेशींचा वापर फक्त नियंत्रित चाचण्यांमध्येच करता येतो.