वजिरापुढें हत्ती

बुद्धिबळ आणि यंत्र असें म्हटलें कीं १९९७ सालचा न्यूयॉर्क येथील सामना आठवतो. जगज्जेता कास्पारोव्ह हा डीप ब्लू या यंत्राकडून हरला आणि मनुष्याची बुद्धि हरली अशी एकच हाकाटी झाली. ती कथा मी आज सांगणार नाहीं. तिच्याहून सुमारें वीस वर्षें जुनी एक लहानशी पैज मला अधिक मोलाची वाटते. कारण तींत मनुष्य यंत्रापुढें प्रथम अडखळला आणि मग त्याच्यापासूनच शिकला.

पटावर एका बाजूस राजा व वजीर आणि दुसऱ्या बाजूस राजा व हत्ती एवढींच मोहरीं उरलीं आहेत, अशी कल्पना करा. (पाश्चात्य लोक वजिरास राणी म्हणतात, पण घरांत रुळलेला शब्द मी सोडीत नाहीं.) असा डाव बहुधा वजीरवाल्यानेंच जिंकावयाचा, हें अठराव्या शतकांतील फ्रेंच खेळाडू फिलिदोर याच्या काळापासून मान्य होतें. अट एवढीच कीं, मोहरें न मरतां आणि प्यादें न हलतां ५० खेळी झाल्या, तर डाव बरोबरींत सोडवितां येतो. पण वजीर हातीं असलेल्या कसलेल्या खेळाडूस ५० खेळी म्हणजे रग्गड, असें सर्वांस वाटे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन नांवाचे संगणकतज्ज्ञ होते. १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं या चार मोहऱ्यांचा संपूर्ण हिशेब यंत्राकडून करवून घेतला. ६४ घरांवर चार मोहरीं मांडण्याचे दीड कोटीहून अधिक प्रकार होतात. त्यांपैकीं ज्यांत डावाचा निकाल लागलाच आहे तेथून आरंभ करावयाचा. त्याच्या आधीची खेळी कोणती, तिच्याहि आधीची कोणती, असें मागें मागें जावयाचें. हिशेबांतून असें निघालें कीं, वजिराच्या बाजूनें अचूक खेळल्यास जिंकण्याजोगी अवघडांतली अवघड स्थितीहि ३१ खेळींत हातीं येते.

अमेरिकेचें विजेतेपद एकंदर सहा वेळां मिळविणारे ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊन यांनीं यंत्राशीं पैज लावली. त्यांच्याकडे वजीर, यंत्राकडे हत्ती. मांडणी ३१ खेळींत जिंकण्याजोगी. हत्तीनें आपल्या राजाला बिलगून राहावें, असें जाणते खेळाडू सांगत आले होते. यंत्राला हा उपदेश कोणीं केलाच नव्हता! तें हत्ती खुशाल राजापासून दूर नेऊन ठेवी, आणि तो पकडावयास जावें तों हुलकावणी मिळे. पंचेचाळीस खेळी झाल्या तेव्हां ब्राऊन यांना कळून चुकलें कीं, हें पन्नासांत साधत नाहीं.

हरल्यावर पट उधळून उठणारे आपण घरोघरीं पाहतों. ब्राऊन घरीं जाऊन अभ्यासाला बसले. आज तोच हिशेब कोणाच्याहि घरच्या संगणकावर फुकट मिळतो, आणि यंत्र प्रत्येक स्थितींत उत्तम खेळी तत्काळ दाखवितें. आमचे तरुण ती पाहतात, मान डोलावतात आणि पुढें जातात. अंकगणिताच्या पुस्तकांतील मागचीं उत्तरें वाचून गणित येत असतें, तर शाळामास्तरांची गरजच काय होती? ब्राऊन यांना पहिल्या खेपेस यंत्रानें एकहि उत्तर सांगितलें नव्हतें. त्यानें केवळ विरोध केला, आणि तोहि असा कीं इतका चिवट प्रतिस्पर्धी मनुष्यांत त्यांना भेटलाच नव्हता. माझ्या मतें शिकणाऱ्यानें यंत्राकडून मागावयाचें तें हेंच.

कांहीं आठवड्यांनीं ब्राऊन परत आले. मांडणी दुसरी, पण पुन्हा ३१ खेळींचीच. या वेळीं हत्ती राजाला सोडून दूर गेला तरी ते गोंधळले नाहींत. तरीहि एकतीस उलटल्या, चाळीस उलटल्या. अखेर बरोबर पन्नासाव्या खेळीला त्यांनीं हत्ती मारला. हिशेबाहून एकोणीस खेळी अधिक लागल्या खऱ्या. पण पैज त्यांनीं जिंकली.