देवाचा शब्द आणि मराठी शब्द

ईश्वर मनुष्याला कळतो कसा, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माचें उत्तर असें कीं, तो आपण होऊन बोलतो. सृष्टि व सदसद्विवेकबुद्धि ह्या त्याची खूण पटवितात. संदेष्ट्यांच्या मुखानें तो बोलला. आणि शेवटीं त्याचा शब्दच येशूच्या रूपानें देहधारी झाला, अशी ही श्रद्धा आहे. परंतु शब्द म्हटला कीं भाषा आली, आणि भाषेबरोबर तिच्यांत पूर्वींच नांदत असलेले देवही आले!

१५७९ सालीं गोव्यांत आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला याची धास्ती वाटली नाहीं. त्याचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओंव्यांच्या या ग्रंथांत स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास तो कचरत नाहीं. पुढें कवि नारायण वामन टिळक तर, आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे गेलों, असें सांगत.

पंडिता रमाबाईंनीं नेमकी उलट वाट धरली. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या पुराणें सांगत हिंदुस्थानभर हिंडलेली; १८८३ सालीं इंग्लंडांत तिनें बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शब्द आपल्याबरोबर काय काय घेऊन येतो, हें तिच्याइतकें कोणत्या मिशनरीला ठाऊक असणार? म्हणून प्रचलित मराठी बायबलांतील तसले शब्द तिला खटकले. केडगांवच्या मुक्तिसदनांत ती हिब्रू व ग्रीक शिकली आणि सबंध बायबल साध्या मराठींत उतरविलें. छापण्याचें काम तेथील स्त्रियांनींच केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई निवर्तल्या, तोंपर्यंत त्या याच कामांत गढलेल्या होत्या.

केडगांव पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, राजगडाच्या पायथ्याशीं, गुंजवणें आहे. अशा गांवची निरक्षर बाई डोळ्यांपुढें आणली म्हणजे रमाबाईंचा हेतु उमजतो: देव बोलला तो तिलाही कळला पाहिजे, मध्यें शास्त्री नको. पण वैकुंठ हा शब्द तर त्या बाईच्या जात्यावरच्या ओंवींतला! तो वगळल्यानें भाषा निर्मळ झाली असेल. ओळखीची राहिली काय? आम्हांस स्टीफन्सचें धाडस अधिक भावतें. तथापि रमाबाईंचा संशय अज्ञानाचा नव्हता. ज्या घरांत ती वाढली, त्या घराचे शब्द ती सोडीत होती, ही गोष्ट स्टीफन्सला कधींच करावी लागली नाहीं.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या नित्य वाचनांत रमाबाईंचें भाषांतर फारसें रुळलें नाहीं. टिळकांचीं भजनें मात्र तेथें अजून टाळांवर म्हटलीं जातात.