कातळावर कलम केवढं लावावं?

मिरग तोंडावर आला की रत्नागिरीतल्या आमच्या रोपवाटिकेत गिऱ्हाईक येतं आणि सगळ्यांत उंच कलमावर हात ठेवतं. उंच कलम म्हणजे लवकर आंबा, हा त्यामागचा हिशेब. मी गुडघ्याएवढं कलम पुढे करते.

हापूसचा बाठा पेरला तर झाड रायवळ निघतं, म्हणून कलम. ही विद्या पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात रुजली आणि तिथून वर कोकणात आली. पुढे पिढ्यान् पिढ्या भेट कलमच चाललं. वर्षाचं रोप कुंडीसकट मूळ झाडाच्या फांदीपाशी न्यायचं, दोघांची साल तासून जोड बांधायचा. फांदी उंच असली तर माच उभारायचा आणि वर चढून कुंडीला पाणी घालायचं. दोन-तीन महिन्यांनी कलम सुटं व्हायचं, पण चांगलंच जड. डोक्यावरून कातळापर्यंत नेताना मातीचा गड्डा फुटला की मुळं तुटायची आणि उन्हाळ्यात कलम वाळायचं.

कोय कलमाने हे ओझं उतरलं. जून-जुलैत ताजे बाठे रुजत घालायचे. दहा-पंधरा दिवसांचा कोंब तांबूस, कोवळा असतानाच छाटून मधोमध चिरायचा. त्यात हापूसची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि वर प्लॅस्टिकची पट्टी. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत बागायतदारांच्या हाती दिली. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. तेव्हा पिशवीतली ही हलकी कलमंच डोंगरापर्यंत पोहोचवता आली.

जांभ्यात मीटरभर खड्डा खणून माती भरली, तरी खाली कातळच. मुळांना त्याच्या भेगा शोधाव्या लागतात. लहान कलम आधी मूळ धरतं, मग वाढतं. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्याची मुळं वेटोळी होतात. वर पानांचा भार, खाली अपुरं मूळ, त्यात पावसाळी वारा. म्हणूनच काही जण बाठा जागेवर पेरून तिथेच कलम बांधतात. सोटमूळ हलतच नाही.

म्हणून कलम घेताना जोड पक्का आहे का आणि मुळं मोकळी आहेत का, एवढं बघा. जोडाखालचे फुटवे काढत राहा. पहिली तीन-चार वर्षं मोहोरही खुडून टाका. दहा बाय दहा मीटरवर हेक्टरी शंभर झाडं बसतात आणि ती नातवंडांपर्यंत टिकायची असतात. त्यांच्यासाठी वर्षा-दोन वर्षांची घाई करू नका.