कर्जरोखेधारकाचे हक्क : कंपनीने परतफेड थकवल्यास

कंपनीने कर्जरोख्यांवरील व्याज किंवा मुद्दल ठरल्या तारखेला दिले नाही, तर ते रोखे घेणाऱ्या व्यक्तीला भारतीय कायद्याने मिळणारे उपाय. रोखेधारक हा कंपनीचा धनको असतो, मालक नव्हे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ७१ नुसार त्याला मताधिकार नाही. त्याच्या पदरी येणी आहेत, आणि रोखे तारणी असतील तर कंपनीच्या मालमत्तेवर बोजा आहे. येणी त्याच्या एकट्याची असतात. वसुलीची साधने मात्र बव्हंशी विश्वस्ताच्या आणि बहुमताच्या हाती आहेत, आणि या विषयातले बहुतेक तंटे इथूनच उभे राहतात.

रोखे जनतेला किंवा पाचशेहून अधिक सभासदांना देऊ करायचे असतील, तर कंपनीला विश्वस्त म्हणजे डिबेंचर ट्रस्टी नेमावाच लागतो. तो सेबीच्या १९९३ च्या विनियमांखाली नोंदलेला असतो. तारण त्याच्या नावे राहते आणि रोखेधारकांच्या हितासाठी ते सांभाळणे हे त्याचे कर्तव्य असते. त्याला नेमते आणि मानधन देते ती मात्र कर्ज घेणारी कंपनीच. या रचनेतला हा सर्वांत कच्चा दुवा म्हणावा लागेल.

एकट्या रोखेधारकाचा सर्वांत स्पष्ट हक्क कलम ७१(१०) मध्ये आहे. मुदत संपूनही रोखे फेडले नाहीत किंवा व्याज थकले, तर कोणीही एक रोखेधारक, सर्व रोखेधारक किंवा ट्रस्टी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. दोन्ही बाजू ऐकून न्यायाधिकरण मुद्दल व व्याज ताबडतोब देण्याचा आदेश कंपनीला देऊ शकते. त्यासाठी किती रोखे असावेत याची अट नाही. थकबाकी वर्षभर चालू राहिली, तर कलम १६४(२) नुसार संचालकांना त्या कंपनीत फेरनियुक्ती किंवा दुसऱ्या कंपनीत नियुक्ती पाच वर्षे मिळत नाही. पण कंपनीची तिजोरीच रिकामी असेल, तर आदेश हाती पडूनही पैसा येत नाही.

तारण विकून वसुली करण्याचा मार्ग एकट्याला खुला नाही. सरफेसी कायदा, २००२ मध्ये २०१६ साली दुरुस्ती झाल्यापासून सूचिबद्ध तारणी रोख्यांसाठी ट्रस्टी साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयाबाहेर तारण ताब्यात घेऊ शकतो. कर्जाची पुनर्रचना करण्यासाठी बँकांबरोबरच्या करारात ट्रस्टीने सही करावी की नाही, हे रोखेधारकांच्या मतांवर ठरते. सेबीच्या १३ ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकानुसार त्यासाठी रकमेने ७५ टक्के आणि संख्येने ६० टक्के रोखेधारकांची संमती लागते, आणि ही मोजणी प्रत्येक आयएसआयएनसाठी (रोख्यांच्या मालिकेचा ओळख क्रमांक) वेगळी होते. संख्येची अट लहान गुंतवणूकदाराच्या फार उपयोगाची आहे, कारण रकमेचा मोठा वाटा थोड्या संस्थांकडे असला तरी डोकी त्याच्या बाजूला असतात. रिलायन्स कमर्शियल फायनान्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये हे परिपत्रक लागू होते असे ठरवले. तयार झालेली योजना मात्र घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली वाचवली आणि असहमत रोखेधारकांना तिच्याबाहेर राहण्याची मुभा दिली.

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ रोखेधारकाला ‘वित्तीय धनको’ मानते. सुरुवातीला एक लाख रुपयांची थकबाकी असलेला एकटा रोखेधारकही कलम ७ खाली अर्ज करू शकत असे. २८ डिसेंबर २०१९ च्या अध्यादेशाने ते दार अरुंद केले : आता त्याच वर्गातले किमान शंभर किंवा दहा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके रोखेधारक एकत्र यावे लागतात. मार्च २०२० मध्ये थकबाकीची किमान मर्यादाही एक कोटी झाली. किमान संख्येची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये वैध ठरवली. सोबती शोधण्यासाठी कंपनी अधिनियमाच्या कलम ८८ ची रोखेधारकांची नोंदवही कामी येते. त्याच अधिनियमाच्या कलम ९४ नुसार ती पाहता येते.

वित्तसंस्थांच्या बाबतीत हेही दार बंद आहे. पाचशे कोटी किंवा अधिक मालमत्ता असलेल्या बँकेतर वित्तसंस्थेविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज फक्त रिझर्व्ह बँक करू शकते, असा नियम नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. सामान्य माणसांना रोखे विकण्यात अशा संस्था आणि गृहवित्त कंपन्या आघाडीवर असल्याने या नियमाचा भार सामान्य रोखेधारकांवरच पडतो.

दिवाळखोरीचा अर्ज न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला की स्थगिती लागू होते आणि कंपनीविरुद्धचे दावे व वसुली थांबते. मुदतीत दावा नोंदला गेला आहे ना, याची खातरजमा रोखेधारकाने स्वतः करावी. सगळे ट्रस्टीवर सोडू नये. धनकोंच्या समितीत सर्व रोखेधारकांच्या वतीने ट्रस्टी मत देतो, आणि संहितेच्या कलम २५अ(३अ) नुसार मत देणाऱ्यांपैकी रकमेने निम्म्याहून अधिकांचा कौल तो साऱ्या गटाचे मत म्हणून नोंदवतो. समितीत ६६ टक्क्यांनी कंपनी सावरण्याची योजना मंजूर होते. विरोधी मत देणाऱ्या वित्तीय धनकोला अवसायनात मिळाले असते त्याहून कमी देता येत नाही. पण गटाने होकार दिला, तर त्यात नकार दिलेला एकटा ‘असहमत’ धरला जात नाही. गृहखरेदीदारांबाबत जेपी इन्फ्राटेकच्या निकालात मार्च २०२१ मध्ये हेच तत्त्व मांडले गेले. न पाठवलेले मत मोजणीतच येत नाही, म्हणून टपालाने किंवा ईमेलने आलेली मतपत्रिका बाजूला टाकणे महागात पडते. कंपनी अवसायनात गेलीच, तर कलम ५३ च्या क्रमात तारण सोडून देणारे धनको कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्यांच्या बरोबरीने येतात. बिनतारणी रोखेधारक त्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या मागे.

मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स कॉर्पोरेशनचे प्रकरण हे सारे दाखवते. जून २०१९ मध्ये तिने रोख्यांवरील व्याज थकवले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले, आणि ३ डिसेंबरला न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने अर्ज दाखल करून घेतला. सुमारे ८७ हजार कोटींच्या दाव्यांपुढे पिरामल समूहाची ३४,२५० कोटींची योजना मंजूर झाली. त्यांपैकी १९,५५० कोटी रोख नव्हते. दहा वर्षे मुदतीचे, ६.७५ टक्के व्याजाचे नवे रोखे होते. जुन्या प्रवर्तकांच्या काळातील फसव्या व्यवहारांतून पुढे जे वसूल होईल, त्याची किंमत योजनेत एक रुपया धरली होती आणि ती वसुली पिरामलकडे जाणार होती. दोनशे कोटींहून अधिक रकमेचे रोखे बाळगणाऱ्या ६३ मून्स टेक्नॉलॉजीजने याला आव्हान दिले. अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये हा मुद्दा समितीकडे फेरविचारासाठी पाठवला. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२५ रोजी तो निर्णय रद्द केला : हा धनकोंच्या समितीचा व्यावसायिक निर्णय आहे आणि न्यायालय त्यात हात घालणार नाही.

वरील सर्व हक्क परतफेड ‘थकली’ तरच जागे होतात. बँकांच्या अतिरिक्त टियर-१ रोख्यांत संकटकाळी मुद्दल निर्लेखित करण्याची अट मुळातच लिहिलेली असते, त्यामुळे तसे झाले तर कायद्याच्या भाषेत थकबाकी उद्भवत नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे असे रोखे निर्लेखित झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी ही कृती रद्द ठरवली ती रिझर्व्ह बँकेने बँकेवर नेमलेल्या प्रशासकाच्या अधिकाराच्या मुद्द्यावर, आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील झाले.