गवतकापणी यंत्राच्या इंजिनाची निगा (पेडणे व डिचोली)

गवतकापणी यंत्राच्या इंजिनाची निगा : हिरवळ, मैदाने, बागायती आणि रस्त्याकडेचे रान कापणाऱ्या यंत्रांवरील लहान पेट्रोल इंजिनांची नेहमीची साफसफाई, तेलबदल, तपासणी आणि काम नसलेल्या महिन्यांतील साठवण. बसून चालवायच्या यंत्रावर बहुधा 15 ते 25 अश्वशक्तीचे, एक किंवा दोन सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन असते. खांद्याला अडकवून चालवायच्या ब्रश कटरवर, म्हणजे गावाकडच्या ‘ग्रास कटर’वर, साधारण 25 ते 50 घन सेंमी. क्षमतेचे टू-स्ट्रोक किंवा फोर-स्ट्रोक इंजिन असते. आकारात एवढा फरक असला तरी दोन्ही हवेने थंड होतात, दोन्ही धुळीत आणि गवताच्या भुशात चालतात, आणि दोन्ही सारख्याच कारणांनी बिघडतात.

हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने 1830 मध्ये केले. त्याला इंजिन नव्हते. नायलॉनच्या दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतील जॉर्ज बॅलस याची, 1971 सालची. आज गोव्यात दिसणारा ग्रास कटर तिच्याच वंशातला.

बसून चालवायचे यंत्र सपाट आणि मोठ्या जागेचे. गोव्यात ते रिसॉर्टच्या हिरवळीवर किंवा खेळाच्या मैदानावर चालते; पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या डोंगरउतारांना ते मानवत नाही. तिथे राज्य ग्रास कटरचे आहे, आणि त्याला कारण काजू. काजूचे बोंड पिकून आपोआप खाली पडते आणि तेच गोळा करून हुर्राक व फेणी काढतात. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. झाडाखाली रानमोडी आणि घाणेरी माजलेली असेल तर बोंडही सापडत नाही आणि बीही. म्हणून पावसाळा ओसरल्यापासून जानेवारीपर्यंत बागायतीची बेणणी उरकावी लागते. पूर्वी हे काम कोयत्याने होई. आता तासाच्या किंवा दिवसाच्या बोलीवर मशीन घेऊन येणारा माणूस ते करतो. त्याआधी चतुर्थीच्या तोंडावर घराभोवतीचे आणि वाटांवरचे गवत काढायचे असतेच. फेब्रुवारी ते मे बोंडांची धांदल असते, तेव्हा मशीन पडवीत पडून राहते. जून-जुलैच्या मुसळधार पावसातही पुष्कळ दिवस ते जागचे हलत नाही.

हे वेळापत्रक नीट पाहिले तर निगेचे मर्म कळते. कंपनीची पुस्तिका तासांच्या हिशेबाने बोलते: 25 तासांनी एअर फिल्टर, 50 ते 100 तासांनी तेल. तो हिशेब पाळायचाच. पण गोव्यात इंजिन चालून जितके झिजते त्याहून अधिक पडून बिघडते. वर्षाला सुमारे 3,000 मिमी. पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पेडण्यातल्या केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनारी गावांत खारी हवा. आणि आतल्या भागात जांभ्याची लाल धूळ. साखळी-डिचोलीच्या खाणपट्ट्यात या धुळीत लोहखनिजाचाही अंश असतो. ते कठीण असते आणि फिल्टर चुकवून आत गेले तर पिस्टन व सिलिंडर घासून काढते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते टाकीत राहिलेल्या पेट्रोलकडे. देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले गेले. मोटारीचे पेट्रोल आठवड्या-पंधरवड्यात संपते, त्यामुळे तिथे साठवणीचा प्रश्न फारसा येत नाही. ग्रास कटरच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्महिने राहते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. ओल मर्यादेबाहेर गेली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात, आणि इंधन ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. टू-स्ट्रोक इंजिनात हे अधिक घातक ठरते, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले 2टी तेल वरच्या थरात राहते. दोरी ओढल्यावर इंजिनाला वंगणाशिवायचे मिश्रण मिळते. इंजिन सुरू झालेच तरी पिस्टन जाम होण्याची भीती असते. अशा मशीनचा कार्बोरेटर उघडून पाहावा: वाटीच्या तळाशी चिकट पिवळसर थर, धातूवर पांढरी भुकटी आणि केसाएवढ्या जेटमध्ये अडकलेला कण. तो कण तारेने टोचून काढू नये, भोक मोठे होते. कार्बोरेटर क्लीनर फवारून आणि हवा मारून काढावा.

यावरचा उपाय साधा आणि बिनखर्चाचा आहे. मशीन महिन्याभराहून अधिक काळ ठेवायचे असेल तर टाकी पूर्ण रिकामी करावी, मग इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. वाटीचा कार्बोरेटर असेल तर तिच्या खालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढावेत. इंधन ओढणारा रबरी फुगा असलेल्या मशीनमध्ये टाकी रिकामी झाल्यावर फुगा काही वेळा दाबून नळ्या मोकळ्या कराव्यात आणि पुन्हा दोरी ओढून पाहावी. त्यानंतर प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा. शेवटी दोरी हळूहळू ओढत जिथे हाताला दाब लागतो तिथे थांबावे. त्या जागी फोर-स्ट्रोक इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, त्यामुळे दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. पावसाळी गोव्यात ही शेवटची पायरी गाळू नये.

कोणतीही साफसफाई इंजिन थंड झाल्यावर आणि प्लगची टोपी काढूनच करावी. बसून चालवायच्या यंत्राची किल्ली काढून बॅटरीची ऋण तार सोडवावी. पाते थेट इंजिनाला जोडलेले असेल तर ते हाताने फिरवले तरी इंजिन फिरते, आणि गरम इंजिन एवढ्यानेही पेट घेऊ शकते.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर कोमट साबणपाण्यात दाबून धुवावा. पिळू नये, फाटतो. सावलीत पूर्ण सुकल्यावर त्यावर इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून तो मुठीत दाबावा, म्हणजे तेल सगळीकडे पसरते आणि जास्तीचे निघून जाते. कोरड्या स्पंजातून बारीक लाल धूळ सहज पार होते; तेल लावलेल्या स्पंजाला ती चिकटते. पेट्रोलने स्पंज धुण्याची सवय वाईट. त्यात आगीचा धोका आहे आणि स्पंज लवकर भुसभुशीत होऊन त्याचे तुकडे इंजिनात जातात. कागदी फिल्टर धुवायचा नाही, त्याला तेलही लावायचे नाही; हलक्या हाताने झटकावा आणि काळा पडला की बदलावा. डिचोलीच्या धुळीत पुस्तिकेतल्या 25 तासांची वाट पाहू नये, दर दिवसाच्या कामानंतर फिल्टर उघडून पाहावा.

इंजिन हवेने थंड होते ते सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ फिन्समुळे. दोरीच्या स्टार्टरच्या जाळीतून पंखा हवा ओढतो आणि ती या फिन्सवरून जाते. ओल्या गवताचा चोथा तिथे बसून सुकला की वर धूळ चढते आणि इंजिन आतून भाजू लागते. स्टार्टरचे झाकण काढून ब्रशने किंवा लाकडी काडीने तो खरवडावा. गाड्या धुण्याच्या केंद्रावर नेऊन दाबाचे पाणी मारून घेणे सोपे वाटते. त्याने पाणी फिल्टर, कार्बोरेटर आणि विजेच्या कॉइलपर्यंत पोचते. किनारी गावांत मशीन गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून सुकवावे आणि उघड्या नट-बोल्टवर तेलाचा हात फिरवावा.

फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल बहुधा एसएई 10डब्ल्यू-30 दर्जाचे असते. नव्या इंजिनाचे पहिले तेल सुरुवातीच्या 5 ते 10 तासांतच बदलावे, कारण त्यात धातूचा सुटा कीस असतो. बसून चालवायच्या यंत्रात दीड-दोन लिटर तेल मावते; 35 घन सेंमी.च्या ग्रास कटरमध्ये जेमतेम 100 मिली. म्हणून तिथे 20-30 मिली. तेल कमी होणे हीदेखील मोठी तूट ठरते. मशीन सपाट जागी ठेवून रोज तपासावे. टू-स्ट्रोकमध्ये वेगळे तेल नसते. 1:50 प्रमाण सांगितले असेल तर लिटरला 20 मिली., 1:25 असेल तर 40 मिली. 2टी तेल मोजून मिसळावे. बाटलीच्या झाकणाचा अंदाज कामाचा नाही.

प्लगचे टोक फिकट तपकिरी व कोरडे असेल तर सारे ठीक. काजळी असेल तर फिल्टर तुंबला आहे किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. पांढरे पडले असेल तर इंजिन तापते आहे. लहान इंजिनात फट साधारण 0.6 ते 0.7 मिमी. असते.

सायलेन्सरकडे मात्र निव्वळ यंत्राची बाब म्हणून पाहू नये. डिसेंबरनंतर डोंगरावरचे गवत वाळते, आणि मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात व आसपास लागलेल्या वणव्यांनी काजूच्या बागायतींनाही झळ पोचवली होती. ते वणवे कशाने लागले हा या नोंदीचा विषय नाही. पण तापलेल्या सायलेन्सरला चिकटलेले सुके गवत पेटते, हे निश्चित. त्याच्या तोंडाशी असलेली ठिणगी अडवणारी जाळी काजळीने बुजली किंवा फाटली असेल तर ती साफ करावी किंवा बदलावी. गरम मशीन सुक्या पाल्यावर टेकवू नये. पेट्रोल भरताना इंजिन थंड असावे आणि पायाखाली मोकळी जमीन असावी.

कृषी संचालनालयाच्या पेडणे व डिचोली येथील विभागीय कृषी कार्यालयांमार्फत शेतीच्या यंत्रांवर अनुदानाच्या योजना राबवल्या जातात. नवे मशीन घेताना पुस्तिकेतले इंधनाचे पान आधी वाचावे. लहान इंजिनांच्या अनेक जुन्या पुस्तिकांमध्ये 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉलला मान्यता आहे. ज्या मशीनला 20 टक्के मिश्रण चालते असे छापलेले आहे, तेच घ्यावे.