पोटगीत औषधपाणी कधी आलं?

नवरा-बायको वेगळे झाले की पोरं कुणाकडे राहणार, यावर दोन्ही घरांत खल होतो. पण पोर आजारी पडलं तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं, हे कुणी विचारत नाही. कायद्यानंही ते उशिराच विचारलं.

इंग्रजांच्या काळात, १८९८ च्या फौजदारी कायद्यात कलम ४८८ होतं. बायको-पोरांना न पोसणाऱ्याला मॅजिस्ट्रेट दरमहा पोटगी द्यायला लावी. हेतू एवढाच, की त्यांनी उपाशी मरू नये. पोटगीला कमाल मर्यादा होती. १९५५ साली ती ५०० रुपये झाली. १९७३ च्या नव्या कायद्यात हेच कलम १२५ झालं, पण आकडा ५०० च राहिला. संसदेनं ती मर्यादा काढली थेट २००१ साली. आता हेच कलम नव्या संहितेत १४४ आहे, आणि ते सर्व धर्मांच्या बायांसाठी आहे.

औषधपाणी मात्र १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात स्पष्ट आलं. पोटगी म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार, असं त्यात लिहिलं. मुलांना सांभाळायची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकली. पुढं २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं, की दोघांनी आपली कमाई शपथेवर लिहून द्यावी. मुलांच्या खर्चात औषधोपचार धरावा. आई पुरेसं कमावत असेल, तर खर्च कमाईच्या प्रमाणात वाटता येतो.

पण या कायद्यात विम्याचा शब्द नाही. २०१२ साली आपल्या राज्यात आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, तीच आजची महात्मा फुले योजना. तिचा लाभ रेशनकार्डावर मिळू लागला. आता बाई माहेरी, पोरं तिच्यापाशी, आणि त्यांची नावं सासरच्या कार्डावर! ऐनवेळी कार्ड मागायला कुणाच्या दारात जायचं?

म्हणून पोटगीचा अर्ज करताना चार गोष्टी वेगळ्या लिहून मागा: दर महिन्याचं औषधपाणी, मोठ्या आजाराच्या बिलातला वाटा, विम्याचा हप्ता कोण भरणार, आणि कार्डाची प्रत. मुलांची नावं आपल्या रेशनकार्डावर आणायचा अर्जही तहसीलला द्या. वकिलाच्या फीची धास्ती नको. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो.